तुझ्या मालिकेतला न रडलेला मुलगा

उधना, सुरत
३ मार्च २०२५

योगेंद्र,

तुझ्या मालिकेबद्दल एक तक्रार आहे. लेखक म्हणून रोज साडेसातला तुझंच नाव पडद्यावर येतं, तेव्हा ती तुझ्याकडेच करायला हवी. फोन तू उचलत नाहीस. मेसेजवर दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे काही होत नाही. म्हणून हे पत्र कंपनीच्या गोरेगावच्या पत्त्यावर रजिस्टर करून पाठवते आहे. तिथल्या कुणी फोडलंच, तर त्यालाही कळू दे की लेखकसाहेबांना एक सख्खी बहीण आहे आणि ती सुरतेत राहते.

तक्रार अशी. शुक्रवारच्या भागात तुझा ईशान चार वर्षांचा होता आणि त्याची आई वसुंधरा त्याला आजोळी ठेवून निघून गेली. शनिवारी 'बावीस वर्षांनंतर' अशी पाटी आली आणि ईशान कोट घालून, दाढी कोरून काचेच्या ऑफिसात उभा. तुम्ही लोक याला लीप म्हणता. मी बालवाडीच्या शिक्षिका तयार करणाऱ्या वर्गाला बालविकास शिकवते, एवढं तरी तुझ्या लक्षात असेल. आमच्या विषयात लीप नसते. चार आणि सव्वीसच्या मधेच तर माणूस घडतो की बिघडतो. पाचव्या वर्षी त्या पोराला वाटलं असेल, आपण काहीतरी खोडी केली म्हणून आई गेली. सातव्या वर्षी तो शाळेच्या फाटकाशी दुसऱ्यांच्या आया न्याहाळत उभा राहिला असेल. तेराव्या वर्षी दारं आपटली असतील. यातलं तुझ्या ईशानला काहीच झालं नाही, त्याला थेट सूडच सुचला.

आणि ती वसुंधराबाई. नथ घालून फोडणी देते, शालू नेसून झोपते. पोराला सोडून जाते ती कशासाठी, तर नवऱ्याच्या कंपनीतल्या खुर्चीसाठी. कंपनीची सोड, आपल्या लिंबायतच्या खोलीत साधी बसायची खुर्ची नव्हती.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण मालिका माय बघते. रोज, साडेसातच्या आधी भाकरी उरकून. शुक्रवारी ईशानची मामी त्याला कुत्र्याची पिल्लं दाखवायला बंगल्याच्या मागे घेऊन गेली आणि वसुंधरा गुपचूप गाडीत बसली, तेव्हा माय टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. मग तू तो मुलगा गच्चीवर दाखवलास. पिल्लू काखेत घेऊन तो आईची गाडी जाताना बघतो आणि हाक मारत नाही.

माय माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "गायत्री, त्यानी माले देखं व्हतं का वं?"

जाताना त्यानं मला पाहिलं होतं का, असं विचारलं तिनं. वसुंधराचं नावही घेतलं नाही. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "देखं व्हतं त हाक का नही मारी?"

इतकी वर्षं आम्ही सगळे समजत होतो की तुला ठेवून आम्ही निघालो तेव्हा तू मामाच्या परसात शेळीच्या करडांशी खेळत होतास. ते खरं की तू घराच्या धाब्यावर चढून आम्हाला पाहिलंस हे खरं, एवढंच तिला सांग. एक फोन कर. तिचा नंबर तोच आहे.

तुझी ताई,
गायत्री


उधना
१५ मार्च

योगेंद्र,

पोचपावती परत आली. तिच्यावर तुझीच सही आहे, ती खालची रेघ अजून तशीच लांब ओढतोस. म्हणजे पत्र मिळालंय आणि तू गप्प आहेस. गप्प बसण्यात तुझा हात कुणी धरणार नाही.

तुझ्या मालिकेचा मी काय उपयोग करते ते ऐक. वर्गात एखाद्या मुलीच्या घरातलं उदाहरण घेतलं की सगळ्या माना खाली घालतात. मालिकेतलं घेतलं की बोलायला लागतात. म्हणून मी त्यांना तुझ्या मालिकेतल्या घराण्याचा तक्ता करायला लावला. कोण कुठल्या वयाला होतं, त्या वयात मुलाला काय लागतं, आणि या घरानं त्याला काय दिलं. रुपाली नावाची एक हुशार मुलगी आहे, नंदुरबारकडची, पण बोलणार गुजरातीतच. तिनं ईशानच्या चौकटीत चार वर्षांपुढे नुसतं प्रश्नचिन्ह काढलं.

वसुंधरा कुठे चुकली, असं मी विचारलं. सोडून गेली, असं बहुतेकींनी सांगितलं. मी म्हटलं, सोडून जावं लागतं कधीकधी. आया कामाला जातात, दवाखान्यात जातात, गावी जातात. ती न सांगता गेली, ही चूक. पण असं तर आपण सगळेच करतो. पोराला काऊ दाखवायचा, बिस्किट द्यायचं, आणि त्याचा डोळा चुकवून चपला घालायच्या. सांगून गेलं तर रडेल ना. वर्गातल्या लेकुरवाळ्या मुली एकमेकींकडे बघायला लागल्या, कारण त्या दिवशीही त्या तशाच घराबाहेर पडल्या होत्या. मी त्यांना समजावलं की त्या रडण्यात मुलाचं काही नुकसान नाही. डोळा चुकवला की मात्र मूल शिकतं की आपलं लक्ष जरा हललं की माणूस नाहीसं होतं. मग ते लक्ष हलूच देत नाही.

तेवढ्यात रुपालीनं विचारलं, "बेन, ए छोकरो रड्यो केम नहीं?"

तो मुलगा रडला का नाही. मायचाच प्रश्न. मी पुस्तकातलं उत्तर दिलं. रडून उपयोग होईल असं वाटतं तोवर मूल रडतं, असं सांगितलं. ते मुलींनी वह्यांमध्ये उतरवून घेतलं आणि मला एकदम त्या वर्गाचा, त्या विषयाचा आणि तुझा राग आला.

आता खरं काय झालं ते लिहिते, कारण त्याची मोडतोड करून तू विकतो आहेस. चौऱ्याण्णवचा प्लेग. माग बंद पडले, निम्मी सुरत गाड्यांना लटकून पळाली. आपण चौघे अमळनेरच्या पुढे मामाच्या गावी गेलो. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले आणि आप्पांना बोलावणं आलं. मामा-मामींना मूल नव्हतं. मामा म्हणाला, शहरातली हवा अजून नीट नाही, योगूला होळीपर्यंत राहू द्या. आप्पा लगेच हो म्हणाले. माय नाही म्हणाली नाही, हाच तिचा होकार. मामीनं तुला करडं दाखवायला परसात नेलं आणि आम्ही एसटीच्या थांब्याकडे निघालो. मी नऊ वर्षांची होते. पिशवी धर आणि तोंड उघडू नको, असं मला सांगितलं होतं. मला दोष देऊ नकोस, मी तो घेणार नाही.

होळी गेली. मग मामीला लळा लागला, मग तुझं नाव तिथल्या शाळेत घातलं, मग आप्पांना हात मोडून घरी बसावं लागलं. अशी तीन वर्षं झाली. सातव्या वर्षी तू परत आलास तो मायला 'तुम्ही' म्हणत. ताटाभोवती हात घालून जेवायचास, पुन्हा वाढून मागायचा नाहीस. ती पाण्याला गेली काय, आली काय, मान वर करायचा नाहीस. आणि सगळी गल्ली म्हणायची, किती शहाणं पोरगं. हट्ट नाही, रडणं नाही. माय हे कौतुकानं सांगत फिरायची.

आजही तू तिला 'तुम्ही'च म्हणतोस. ती अजूनही वाट बघते आहे. फोन कर.

गायत्री


उधना
२४ मार्च

योगेंद्र,

आज पहिल्यांदा तुला दोन लगावून द्याव्यात असं वाटतंय.

पाडव्याच्या विशेष भागाची जाहिरात दर दहा मिनिटांनी लागते आहे. बावीस वर्षांनी वसुंधरा दारात येते आणि ईशान तिची बॅग बाहेर ढकलून म्हणतो, "या घरात तुम्हाला जागा नाही." मागे ढोल काय, वीज काय. ही जाहिरात माय आवाज न करता, मान हलवत बघते. समोरच्या चिंधाकाकांच्या बायकोला ती काय म्हणाली माहीत आहे? "मन्हा आंडोर टीव्हीमा बोलस मन्हासंगे." माझा मुलगा टीव्हीतून माझ्याशी बोलतो. त्या बाईला वाटलं, मायला भ्रम व्हायला लागला. मला वाटलं, हिला तुझ्याशी बोलायला दुसरी जागाच उरलेली नाही.

मी तिला खूप समजावलं. चॅनेलवाले सांगतात तसं लिहावं लागतं, टीआरपी बघतात, भांडणं लावल्याशिवाय लोक बसत नाहीत. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लिखस त तोच ना."

दर रविवारी सकाळी ती तुला फोन लावते, हे तुला ठाऊक आहे. शेवटपर्यंत वाजू देते, मग फोन पदरानं पुसून ठेवते. तिनं मला आता सांगून ठेवलंय, की पाडव्याला पोरानं जागा नाही म्हटलं, तर त्याचा नंबर माझ्या फोनातून काढून टाक. तिला स्वतःला तो काढता येत नाही. तिला रडता आलं असतं तर मी समजू शकले असते. पण ती अगदी शांतपणे सांगते आणि डाळ निवडायला बसते.

ईशानला दुखावलेला मुलगा म्हणून सगळा महाराष्ट्र डोक्यावर घेतोय. ठीक आहे. पण आप्पा गेले तेव्हाचं काय? दहा दिवस तू बसलास, सगळं रीतसर केलंस, आणि अकराव्या सकाळी माय मोरीत अंघोळीला गेली तेवढ्यात बॅग उचलून निघालास. ओल्या केसांनी बाहेर येऊन तिनं पहिलं काय विचारलं असेल? योगू चहा तरी पिऊन गेला का. ही विद्या तुला कुणी शिकवली ते मला माहीत आहे, ते मी वर्गात शिकवतेच. पण तेव्हा तू चार वर्षांचा नव्हतास. चार वर्षांच्या मुलाचा मी जन्मभर कैवार घेईन, तिशीतल्या माणसाचा घेणार नाही.

आमचे हे म्हणतात, साल्याला नको इतकं बोलू, तो दुखावलेला आहे. या घरात दुखावलेलं कोण नाही ते मला एकदा कुणीतरी सांगा.

भाग बदल असं मी म्हणत नाही, तो कधीच चित्रित झाला असेल. फक्त रविवारच्या आत तिला फोन कर. शिव्या दे, भांड, हवं तर जागा नाही असंच म्हण. पण ते तिला, तिच्या कानात म्हण.

गायत्री


उधना
३१ मार्च

योगेंद्र,

फोन आला नाही. काल सकाळी तिनं नेहमीसारखा लावला, तू नेहमीसारखा उचलला नाहीस. गुढी उभारली, श्रीखंड झालं, आणि संध्याकाळी ती नवं लुगडं नेसून टीव्हीसमोर बसली. परीक्षेच्या निकालाला बसावं तशी.

बॅग ढकलली. जागा नाही म्हणून झालं. माय उठायला लागली. आणि मग ईशान स्वतःच बाहेर गेला, ती बॅग त्यानं उचलली आणि वसुंधराकडे न बघता बोलला. तूच लिहिलंस ते तुला काय सांगायचं, पण मी सांगणार आहे, कारण ते आमच्या घरात कसं ऐकू आलं ते तुला माहीत नाही.

"तू जाताना मी पाहिलं होतं. मी गच्चीवर होतो. हाक मारली असती तर तू थांबली असतीस. आणि मग दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली असतीस. मला ते दोनदा बघायचं नव्हतं."

'तू' म्हणालास. जाहिरातीत 'तुम्ही' होतं आणि इथे 'तू'.

लगेच कपड्याच्या साबणाची जाहिरात लागली. मला इतका संताप आला की मी रिमोट भिंतीवर आपटणार होते. हे तू माझी पत्रं वाचून लिहिलंस की आधीच लिहून ठेवलं होतंस, मला कळायला मार्ग नाही, आणि मला ते जाणूनही घ्यायचं नाही. ज्या बाईनं तुला जन्म दिला तिच्या प्रश्नाचं उत्तर तू लाखो लोकांना दिलंस, साबणवाल्याच्या पैशात दिलंस, आणि तिला एकटीला देता आलं नाही. तू भित्रा आहेस, योगू. माझ्या पुस्तकात यासाठी चांगले शब्द आहेत, ते वापरायची आज माझी तयारी नाही.

पण खरं लिहायचं ते पुढेच आहे.

मी बडबडत होते. जाहिराती संपल्या. ईशान आणि वसुंधरा एकमेकांच्या गळ्यात पडले. ते तिनं पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "मीबी देखं व्हतं त्याले."

मला आधी उमगलंच नाही. मग ती बोलत गेली, मी ऐकत गेले. एसटीत चढताना तिनं मागे वळून पाहिलं होतं. तू धाब्याच्या कडेला उभा होतास, करडू पोटाशी धरून. नजरानजर झाली असं तिला वाटलं, पण तू तिला खरंच पाहिलंस का, याची खात्री तिला कधीच नव्हती. तिचा पाय पायरीवर होता. "तो रडता त मी उतरी जाती," ती म्हणाली. "गप ऱ्हायना म्हनीसन माले वाटनं, हाऊ ऱ्हाई जाई."

तो रडला असता तर मी उतरले असते. गप्प राहिला म्हणून मला वाटलं, हा राहील.

मी तिच्या शेजारी बसलेली होते त्या एसटीत. तिनं खिडकीकडे पाठ केली होती एवढं मला आठवतं. तुला आई पुन्हा जाताना बघायची नव्हती म्हणून तू ओरडला नाहीस, आणि तू ओरडला नाहीस म्हणून ती गेली. त्या गप्प उभ्या पोराला शहाणं समजून माझ्या आईनं तीन वर्षं मन मारलं, आणि तीस वर्षं हे कुणाला सांगितलं नाही. मी तीनशे मुलींना शिकवलं असेल की न रडणारं मूल बरं नसतं. एकदाही आईला जाऊन सांगितलं नाही. मला दोघांचाही राग येतो, आणि दोघांना जवळ घेऊन बसावंसंही वाटतं.

नंबर काढू का, असं मी विचारलं. तिनं फोन माझ्या हातातून काढून घेतला.

गायत्री


उधना
८ एप्रिल

योगू,

रविवारी तू फोन उचललास. मी स्वयंपाकघरात होते. "उचली लिधा," असं ती म्हणाली ते ऐकून मी धावत आले. तू 'बोला' म्हणालास म्हणे. तिला बोलता आलं नाही आणि तूही ठेवला नाहीस. मी तिथे उभी राहून खुणा करत होते, बोल, अगं बोल ना, तर ती मलाच हातानं गप्प करत होती. शेवटी रेंज गेली की तुझी बॅटरी संपली, कुणास ठाऊक, फोन कट झाला. इतकं जवळ येऊन तुम्ही दोघं पुन्हा गप्प बसलात यावर मी दिवसभर चिडचिड केली.

तिनं मात्र काहीतरी ठरवून टाकलं होतं. फोनवर हे सांगायचं नाही, तोंडावर सांगायचं. शनिवारी, बारा तारखेला, ती सकाळच्या गाडीनं बोरिवलीला उतरेल. मी सोबत येते म्हटलं तर नाही म्हणाली. मी आले तर मीच बोलत बसेन, असं तिचं म्हणणं. त्यात तथ्य आहे. आमचे हे तिला इथे गाडीत बसवून देतील, तिकडे तू उतरवून घे. माझ्याकडे तुझ्या घराचा पत्ता नाही, तो कळव. नाही कळवलास तर ती गोरेगावला तुझ्या ऑफिसात येऊन बसेल, आणि ती एकदा बसली की काम झाल्याशिवाय उठत नाही, हे लिंबायतच्या रेशनवाल्याला विचार.

येताना कळण्याच्या भाकरीचं पीठ आणि ठेचा आणते आहे. घरात तवा असू दे.

काय बोलेल मला माहीत नाही. कदाचित धाब्यावरचं सांगेल, कदाचित नुसतीच तुझं स्वयंपाकघर आवरेल. पुस्तकातलं काही मी तिला शिकवून पाठवलेलं नाही. एक गोष्ट मात्र तिनं माझ्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतली आहे, की ही पत्रात लिही. ती सोमवारी परत निघणार आहे. "माले त्याले सांगीसन निंघनं शे," असं म्हणाली. तू झोपलेला असलास तर उठवेल, अंघोळीला गेलेला असलास तर दाराशी थांबेल, शूटिंगवर असलास तर तिथे येईल. तुझ्यासमोर उभी राहील, मी निघते म्हणून सांगेल, पुन्हा कधी येणार तेही सांगेल, आणि मगच चपला घालेल.

तेव्हा शहाण्यासारखा उभा राहू नकोस. रडायला आलं तर रड. पस्तिशीच्या माणसानं रडू नये असं माझ्या अभ्यासक्रमात कुठेही लिहिलेलं नाही, आणि या वेळी ती गाडीतून उतरायला तयार आहे.

ताई